उसवलेल्या टाक्यांना तुमचं जेल हवंय: नॅनो-जेल करणाऱ्या फार्मसीच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या फार्मसी महाविद्यालयांत वनौषधींच्या नॅनो-जेलवर काम करणारे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रोजेक्टच्या पोस्टरवर शेवटी एक वाक्य हमखास असतं: 'हे जेल शस्त्रक्रियेनंतरच्या जखमा भरून येण्यासाठी उपयुक्त ठरू शकेल.' हळदीचं जेल असो, कडुनिंबाचं असो, कोरफडीचं असो, नाहीतर आपल्याकडे कुंपणाच्या कडेला उगवणाऱ्या एकदांडीचं असो, वाक्य तेच. मी ठाण्यातल्या एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. माझी नोकरी बहुतेक सगळी ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी गेली. म्हणून या एका वाक्याबद्दल तुमच्याशी सविस्तर बोलायचं आहे.

आधी हे सांगते की तुमच्या कामाचं मला मनापासून कौतुक आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, उजेडात टिकत नाही. ते नॅनोकणांत बांधलं की जेलमध्ये सगळीकडे सारखं पसरतं आणि सावकाश सुटत राहतं. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग, आणि तुम्ही १०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण करून ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून धडपडता. कण बसले, जेल फाटलं, पीएच चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही मेहनत मी माझ्या भाचीच्या निमित्ताने जवळून पाहिली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की ही मेहनत ज्या जखमेसाठी चालली आहे, ती जखम तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे.

'शस्त्रक्रियेनंतरची जखम' ही एकच एक गोष्ट नाही. टाके घालून नीट बंद केलेली स्वच्छ जखम वेगळी आणि टाके उसवून उघडी पडलेली जखम वेगळी. पहिल्या जखमेत कातडीच्या दोन कडा एकमेकींना टेकलेल्या असतात. २४ ते ४८ तासांत वरचा पातळ थर जुळून येतो आणि जखम वरून बंद होते. आतली ताकद मात्र हळूहळूच येते. पहिल्या आठवड्याअखेर मूळ कातडीच्या ताकदीचा अगदी नगण्य भाग परत आलेला असतो, तीन महिन्यांनी तो ८० टक्क्यांच्या घरात जातो आणि १०० टक्के कधीच होत नाही. ही चाल शरीराची स्वतःची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमांतल्या संसर्गाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही टाके घातलेल्या जखमेवर साध्या कोरड्या ड्रेसिंगऐवजी खास, महागडी ड्रेसिंग वापरू नयेत असंच सुचवलं आहे. वरून काहीबाही लावून अशा जखमेला फारसं काही मिळत नाही. तिला मदत करायची तर ऑपरेशनच्या आधी साखर आटोक्यात आणा, मिश्री आणि तंबाखू सोडायला लावा, रक्त वाढवा, आणि ऑपरेशननंतर जड उचलू देऊ नका.

शिवलेल्या जखमेला तुमच्या जेलची तशी गरजच नाही. गरज आहे ती उसवलेल्या जखमेला.

सीझर झालेली बाई घ्या. पोट सुटलेलं, टाक्यांची रेघ पोटाच्या घडीखाली, त्यावर परकराची नाडी, ऑक्टोबरचा उकाडा. घाम तिथेच साचतो. आठव्या-नवव्या दिवशी एका कोपऱ्यातून पाणी यायला लागतं आणि टाक्यात गॅप पडते. किंवा मार्केट यार्डातला माथाडी कामगार घ्या. हर्नियाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलू नका म्हणून सांगितलं, पण घर चालवायचं म्हणून महिन्याभरातच पाठीवर पोतं घेतलं. मधुमेही माणसाच्या पायाचं बोट काढलेली जखम, मूळव्याधीची, भगंदराची, माकडहाडापाशी फोड कापून उघडी ठेवलेली जखम, या सगळ्या तळापासून वर भरत याव्या लागतात. त्यांना आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग लागतं. दिव्याहून, मुंब्र्याहून, शहापूरच्या पाड्यांवरून माणसं त्यासाठी येतात. बाळाला कडेवर घेऊन, गर्दीच्या लोकलमध्ये जखमेला धक्का लागू नये म्हणून हात आडवा धरून. ड्रेसिंगला वीस मिनिटं लागतात आणि सगळा दिवस जातो. बरोबर येणाऱ्या नवऱ्याचा किंवा सासूचाही खाडा होतो. दोन-तीन आठवड्यांनी काहीजण यायचेच बंद होतात आणि मग घरीच काहीतरी लावत बसतात.

तुमच्या नॅनोकणांचं खरं मोल मला इथे दिसतं. औषध सावकाश सुटतं, हाच तर तुमचा दावा आहे. मग रोज बदलावं लागणारं ड्रेसिंग तुमच्या जेलमुळे तीन दिवसांतून एकदा बदललं तरी चालेल का, हा प्रश्न विचारा. जखम दोन दिवस आधी भरली, यापेक्षा ड्रेसिंगच्या फेऱ्या निम्म्याहून कमी झाल्या, हे दिव्याहून येणाऱ्या बाईसाठी कितीतरी मोठं आहे. एकाही पोस्टरवर मला हा प्रश्न दिसला नाही. औषध सुटण्याचा आलेख असतो, बहुधा चोवीस तासांचा, फ्रांझ सेल नावाच्या काचेच्या उपकरणात पातळ पडद्यावर काढलेला. पण उघड्या जखमेतून सतत पाणी झिरपत असतं. ते जेलला पातळ करतं, वाहून नेतं, गॉजमध्ये ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी गॉज उचलल्यावर जेल जखमेत राहिलेलं असतं की गॉजला लागून निघून येतं, हे पडद्यावर कळणार नाही.

आता रंगाबद्दल बोलते, कारण याचा विचार प्रयोगशाळेत कुणाला सुचत नाही. आम्ही जखम वाचतो ती रंगावरून. लालभडक, ओलसर, दाणेदार म्हणजे चांगलं मांस येतंय. पिवळट चिकट थर म्हणजे स्लफ, मेलेल्या पेशींचा थर, तो काढायला हवा. काळं म्हणजे मेलेलं. हिरवट झाक आणि गोडसर वास आला की स्युडोमोनास या जंतूचा संशय. ड्रेसिंग उघडल्यावर पहिल्या काही क्षणांत सिस्टर हे सगळं पाहून घेते आणि त्यावर ठरतं की नुसतं सलाईनने धुवायचं, स्वॅब पाठवायचा, की डॉक्टरांना बोलवायचं. अशा जखमेत तुम्ही हळदीचं पिवळंधमक जेल भरलंत, तर स्लफ कुठला आणि हळद कुठली हे कसं ओळखायचं? चांदीच्या कणांचं जेल तपकिरी असतं. कडेची कातडी लाल झाली आहे की नाही हे त्या थराखाली दिसत नाही. तुमच्यासाठी द्रावण तपकिरी होणं ही कण तयार झाल्याची खूण असते, आमच्यासाठी ती अडचण आहे. म्हणून जेल साध्या सलाईनने, न चोळता, पूर्ण धुऊन निघतं का, ही चाचणी तुमच्या यादीत घाला. घट्टपणा आणि पसरण्याची क्षमता मोजता, तसंच धुऊन निघणंही मोजा.

दुसरी गोष्ट चांदीची. तुमच्यापैकी बरेचजण सिल्व्हर नायट्रेटमध्ये पानांचा अर्क घालून चांदीचे नॅनोकण करतात आणि त्याला 'हर्बल जेल' म्हणतात. त्या पद्धतीत अर्काचं काम मुख्यतः विरघळलेल्या चांदीचं क्षपण करून, म्हणजे ती पुन्हा धातूच्या रूपात आणून, कण बनवणं आणि त्या कणांवर आवरण धरणं हे असतं. जंतू वाढवायच्या अगारच्या प्लेटवर जंतू मेले तर ते कडुनिंबाने मारले की चांदीने? चांदी जंतू मारते हे फार जुनं ज्ञान आहे. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिन १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि नंतरच्या अभ्यासांत काही आधुनिक ड्रेसिंगच्या तुलनेत ते लावलेल्या जखमा उशिरा भरताना दिसल्या. कारण जास्त प्रमाणात चांदी नव्या कातडीच्या पेशींनाही झोंबते. तेव्हा प्रयोगात काहीच औषध नसलेलं नुसतं बेस जेल, नुसत्या अर्काचं जेल, नुसत्या चांदीचं जेल आणि तुमचं जेल, असे वेगवेगळे गट ठेवल्याशिवाय वनस्पतीने काय केलं हे कुणालाच कळणार नाही. आणि चांदी असेल तर नावात ती ठळक लिहा. पेशंट 'हर्बल' वाचतो आणि निर्धास्तपणे दिवसातून चार वेळा लावतो.

उंदरांबद्दल थोडक्यात. विस्टार जातीच्या उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. तो जखमेच्या कडा आत ओढतो. उंदराची जखम बहुतांशी आक्रसून बंद होते. माणसाची उघडी जखम नवं मांस भरून आणि वरून कातडी सरकत येऊन बंद होते. शिवाय तुमचे उंदीर तरुण, निरोगी, वजन मोजून निवडलेले. माझे पेशंट साठीचे, साखर तीनशेच्या घरात, रक्त आठ-नऊवर. 'चौदाव्या दिवशी ९५ टक्के जखम बंद' असा निकाल पाहून आनंद जरूर माना, पण त्यावरून थेट माणसाकडे उडी मारू नका.

निर्जंतुकपणावर मात्र मी जरा थांबून बोलणार आहे. बंद कातडीवर लावायचं मलम आणि उघड्या मांसात भरायचं जेल यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हळकुंड जमिनीतून निघतं, सालं-मुळ्या मातीतूनच येतात, आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. ते उकळत्या पाण्यालाही सहज दाद देत नाहीत. पोस्टरवर 'सूक्ष्मजीव मर्यादेत' असं लिहून भागत नाही. उघड्या जखमेत जायचं तर निर्जंतुकच हवं. आणि इथे आपल्या भागाचं भाग्य बघा. मसाले आणि हळद-मिरचीवर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारं, अणुऊर्जा विभागाच्या बीआरआयटी या संस्थेचं केंद्र वाशीतच आहे, २०००पासून. वैद्यकीय साहित्यासाठी तुर्भ्यापलीकडे, खाडीच्या त्या बाजूला ट्रॉम्ब्यात आयसोमेड हे निर्जंतुकीकरण केंद्र १९७४पासून उभं आहे. आम्ही वॉर्डात उघडायचो त्या अनेक निर्जंतुक पाकिटांवर गॅमा किरणांचा शिक्का असायचा. २५ किलोग्रे ही तिथली सर्वमान्य मात्रा. त्या मात्रेनंतर कार्बोपॉलने घट्ट केलेलं तुमचं जेल पातळ होतं का, कणांचा आकार बदलतो का, कर्क्युमिन किती उरतं, यावर एक अख्खा एम. फार्म.चा प्रबंध होईल. नव्या वनस्पतीचं आणखी एक जेल करण्यापेक्षा तो प्रबंध मी दहापट मोलाचा मानेन.

त्याचबरोबर डबी नको. डबीत घरातल्या सगळ्यांची बोटं जातात. एका ड्रेसिंगपुरती छोटी पाकिटं करा, किंमत अशी ठेवा की मोफत ड्रेसिंगला येणाऱ्यांना परवडेल, आणि ४० अंश तापमान, ७५ टक्के दमट हवेत सहा महिने ठेवून बघा. कळव्याच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात याहून फार वेगळं नसतं.

इथपर्यंत झालं की पुढची पायरी माणसाची, आणि ती अशक्य नाही. दोन उदाहरणं देते.

पहिलं आपलं. भगंदरासाठी आयुर्वेदात क्षारसूत्र वापरतात. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकावर एक २१ थर चढवलेला तो दोरा. परंपरेने चालत आलेला, पण भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची रीतसर, अनेक केंद्रांवर, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून नेहमीच्या ऑपरेशनशी तुलना केली आणि १९९१मध्ये निकाल छापला. भगंदर पुन्हा होण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर ११ टक्के, क्षारसूत्रानंतर ४ टक्के. पण भरायला लागणारा वेळ क्षारसूत्रात जास्त, सुमारे आठ आठवडे, ऑपरेशनमध्ये चार. फायदा आणि तोटा दोन्ही तितक्याच स्पष्टपणे मांडले. पेशंटला समजावताना त्या आकड्यांचा जो आधार वाटतो, तो 'हजारो वर्षांपासून' या शब्दांनी कधीच वाटत नाही.

दुसरं उदाहरण युरोपातलं. बर्च हे आपल्या भूर्जाच्या कुळातलं झाड. त्याच्या सालीच्या अर्कापासून एक जेल केलं गेलं. नॅनो नाही, साधं तेलातलं. त्याची चाचणी त्यांनी कशी घेतली ते बघा. त्वचारोपणासाठी मांडीची पातळ कातडी काढतात, तिथे डॉक्टरनेच केलेली, स्वच्छ, सारख्या खोलीची जखम तयार होते. त्याच पेशंटच्या त्याच जखमेच्या अर्ध्या भागाला जेल आणि अर्ध्याला नेहमीचं ड्रेसिंग. वय तेच, साखर तीच, जेवण तेच. फरक सापडला तो सरासरी साधारण एका दिवसाचा, आणि तो त्यांनी तेवढाच सांगितला. पुढे त्याच अर्काच्या जेलला, जन्मजात आजारामुळे कातडीला फोड येणाऱ्या पेशंटच्या जखमांसाठी, २०२२मध्ये युरोपात आणि डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे मेडिकल कॉलेजं आहेत, त्वचारोपणं होतात, नैतिकता समित्या आहेत. अर्ध्या-अर्ध्या जखमेची अशी चाचणी ठाण्यात का होऊ नये? सीटीआरआय या माणसांवरच्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद करून, पेशंटला मराठीत नीट समजावून, त्याची लेखी संमती घेऊन. ही नोंदणी १५ जून २००९पासून बंधनकारक आहे. नॅनो-औषधांचं मूल्यमापन कसं करायचं याची मार्गदर्शक तत्त्वंही जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०१९मध्ये काढली आहेत. वाट आखलेली आहे.

हे एवढं पोटतिडकीने सांगण्याचं कारण म्हणजे बाजार तुमच्यासाठी थांबलेला नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात एक बाळंतीण आली. नणंदेने मोबाइलवरून मागवलेलं 'हर्बल नॅनो जेल' ती सीझरच्या टाक्यांवर लावत होती, कारण ट्यूबवर 'टाक्यांचे व्रण लवकर भरतात' असं लिहिलं होतं. डिस्चार्जच्या वेळी तिला सांगितलं होतं की काही लावू नका. पण ट्यूबवर पानांचं चित्र होतं, म्हणजे अपाय तर काही होणार नाही, असं घरच्यांना वाटलं. ताप आला तेव्हा आली. हिरवट थर ओल्या गॉजने हलके हलके काढला तर खाली कातडी लाल, गरम, ताणलेली. टाक्यांशेजारी बोट टेकवलं आणि पू आला. टाके उघडावे लागले. बाळाला पाजायला घेताना ती ओठ आवळून धरायची, ते मला अजून दिसतं. जेलनेच पू झाला असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. पण त्या थराखाली लाली चार-पाच दिवस झाकली गेली आणि ती गाफील राहिली, हे मी स्वतः पाहिलं आहे. अशा ट्यूबच्या जाहिरातीत जो आलेख असतो, 'संशोधनाने सिद्ध' असं जे लिहिलेलं असतं, ते पुष्कळदा उंदरांवरच्याच कामातून उचललेलं असतं. म्हणजे तुम्ही पोस्टरच्या शेवटी सहज लिहिलेलं ते वाक्य कुणीतरी ट्यूबवर छापतं.

प्राध्यापकांना हळदीची लढाई आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५मध्ये दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते १९९७मध्ये रद्द करून घेतलं. वर्गात आपण हे अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. पण ते रद्द झालं ते 'यात नवीन काही नाही' या मुद्द्यावर. हळदीने ऑपरेशनची जखम किती लवकर भरते, कुठल्या जखमेत भरते आणि कुठल्या जखमेत लावू नये, हा प्रश्न त्या लढाईत नव्हताच. तो अजून तसाच आहे आणि तो सोडवायला तुमच्याइतकी योग्य माणसं मला दिसत नाहीत. सुश्रुताने व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले, त्यात आधी शोधन आणि मग रोपण. घाण काढल्याशिवाय भरवायचं नाही. तुमची बहुतेक जेलं थेट रोपणाची भाषा करतात. शोधन झालेलं आहे हे कोण पाहणार? ड्रेसिंग करणारी सिस्टर. म्हणून तिला तुमच्या कामात पहिल्या दिवसापासून घ्या.

सर-मॅडमना माझी विनंती आहे की विषय मंजूर करण्याआधी विद्यार्थ्यांना आठवडाभर एखाद्या सर्जिकल ओपीडीच्या ड्रेसिंग रूममध्ये बसवा. हात लावायचा नाही, फक्त पाहायचं आणि लिहून काढायचं. गॉज किती भिजतं, किती दिवसांनी बदलतात, काढताना पेशंट कधी ओरडतो, वास कधी येतो, माणूस कुठून आला आणि यायला किती पैसे लागले. पेशंटची परवानगी घ्यायची, नाव लिहायचं नाही, फोटो काढायचा नाही. त्या नोंदींतून विषय निवडा. आणि तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक बोलावता, तेव्हा एक खुर्ची अनुभवी सिस्टरसाठी ठेवा. ती विचारेल की हे जेल लावल्यावर झोंबतं का, पॅडला चिकटतं का, कपड्याला डाग पडतो का. याची उत्तरं प्रबंधात असायला हवीत.

विद्यार्थ्यांनो, ड्रेसिंग रूममध्ये यायचं असेल तर सकाळी आठच्या आधी या, कॉलेजचं पत्र घेऊन. नखं कापलेली असू देत, अंगठ्या घरी ठेवा, आणि काही खाऊन या. पहिल्या दिवशी उभ्या उभ्या चक्कर येते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. इन्चार्ज सिस्टर सुरुवातीला तुटक बोलेल, कारण बाहेर रांग असते. दहा वाजता रांग ओसरली की तिला तुमचा प्रश्न विचारा. मला बोलावलंत तर मीही येईन.

आपली,
ठाण्यातली एक निवृत्त वॉर्ड सिस्टर